अंगणातली पहिली शाळा



पेरणीआधी मशागत लागते, हे तुम्हांला सांगायला नको. मुलांचेही तसेच आहे. एक ते तीन वर्षांचे मूल पाहून, हाताळून व ऐकून शिकते. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हेच दाखवून दिले. वारली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पाने, फुले, खडे, शिंपले हीच त्यांची साधने होती. आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आणि शहाद्याच्या मळ्यांतही अशी साधने हाताशी आहेत.

पुढील खेळ घरी खेळून पाहा.

१. जोडी लावणे : आंबा, पळस व साग यांची दोन-दोन पाने मिसळून ठेवा. मुलाला सारखे पान शोधू द्या.

२. लहान-मोठे : मक्याची तीन-चार कणसे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायला सांगा.

३. कुठे लपले? : दोन टोपल्या उपड्या घालून एकीखाली कांदा लपवा. मूल तो आठवून शोधते.

४. ओतणे : तांब्यातले थोडे पाणी वाटीत ओतू द्या. हाताला वळण लागते.

हे सारे भाकरी थापताना किंवा शेंगा सोलतानाही होते. खेळताना मुलाशी सतत बोला. घरात भिली, पावरी, अहिराणी, जी भाषा असेल तीच बोला.

आता महत्त्वाची खबरदारी. तूर, हरभरा, शेंगदाणे, चिंचोके एवढ्या लहान मुलांना खेळायला देऊ नका. दाणा नाकात किंवा श्वासनलिकेत अडकतो. पाण्याच्या बादलीजवळ मूल एकटे सोडू नका.

औषध लावलेले लाल-गुलाबी बियाणे मुलांना खाऊसारखे दिसते. ते कुलपात ठेवा. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला, तरी तो खेळणे होत नाही. मुलाने असे काही गिळल्यास घरी उलटी करवू नका. पाकीट किंवा डबा सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. गाडीसाठी १०८ क्रमांकावर फोन करा.

रोज अर्धा तास मुलासाठी काढा. आजी-आजोबा व मोठ्या भावंडांनाही या खेळांत घ्या. वडिलांनीही मागे राहू नये.