अंदाजापेक्षा अंधूक

1998 साली खगोलशास्त्रज्ञांच्या दोन गटांना स्वतंत्रपणे एकच गोष्ट आढळली. दूरच्या दीर्घिकांमध्ये फुटलेले काही तारे गणिताने सांगितलं होतं त्यापेक्षा साधारण पंचवीस टक्के अंधूक दिसत होते. दुर्बिणीने पाहिलं ते एवढंच. विश्वाचा जवळपास सत्तर टक्के भाग ‘डार्क एनर्जी’ नावाच्या अज्ञात ऊर्जेचा आहे, हे अफाट विधान उभं राहिलं ते या पंचवीस टक्क्यांच्या तुटीवर. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे या शोधासाठी 2011मध्ये सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस यांना नोबेल मिळालं.

तुटीपासून निष्कर्षापर्यंतची वाट अशी आहे. श्वेत बटू तारा शेजाऱ्याकडून वस्तुमान ओढत राहतो आणि सूर्याच्या सुमारे 1.4 पटीच्या चंद्रशेखर मर्यादेशी आला की त्याचा स्फोट, म्हणजे सुपरनोव्हा, होतो. मर्यादा सगळ्यांना एकच, म्हणून स्फोटाचं तेजही जवळपास एकच. मूळ तेज माहीत असेल तर दिसणाऱ्या तेजावरून अंतर निघतं. तारा अंदाजापेक्षा अंधूक, म्हणजे अंदाजापेक्षा दूर. आणि दूर, म्हणजे मधल्या काळात विश्व अंदाजापेक्षा जास्त पसरलं. या साखळीतली प्रत्येक कडी कुणी ना कुणी ताणून पाहिली आहे, आणि मला ती सगळी खटपट डार्क एनर्जीइतकीच विलक्षण वाटते.

पहिली शंका कुणालाही सुचेल अशी : तारा दूर नसेलच, मध्ये धूळ असेल. पण साधी धूळ निळा प्रकाश जास्त अडवते. मावळता सूर्य लाल दिसतो तसे हे तारेही लालसर दिसायला हवे होते. ते दिसले नाहीत. इथे कोल्हापूरचे जयंत नारळीकर आणि त्यांचे सहकारी फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज यांची लोखंडी सुयांची कल्पना पुढे येते. सुपरनोव्हातून बाहेर फेकली गेलेली लोखंडाची वाफ हळूहळू थंड होताना गोल कणांऐवजी बारीक तंतूंच्या रूपात गोठते. लांबी सुमारे एक मिलिमीटर, जाडी त्या लांबीच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपास. धातूची वाफ थंड करून असे तंतू प्रयोगशाळेतही तयार होतात. दृश्य प्रकाशाचे सगळे रंग ते जवळपास सारखेच अडवतात, त्यामुळे तारा लाल न होता नुसता मंद होतो. शोषलेली ऊर्जा ते सूक्ष्मलहरींच्या रूपात परत देतात, म्हणून महास्फोटाची खूण मानल्या जाणाऱ्या पार्श्वभूमी प्रारणाचा उलगडाही त्यांच्यातून करता येईल, असा या मंडळींचा दावा होता. विश्वातली दोन सर्वांत मोठी कोडी अशी एका सुईच्या टोकावर आणून ठेवायला धाडस लागतं.

तरीही बहुतेकांना ही कल्पना पटली नाही. अवकाशभर नुसती धूळ पसरलेली असेल तर जितकं दूर तितकं अधिक अंधूक, असा हिशेब होतो. हबल दुर्बिणीने टिपलेला एसएन 1997एफएफ हा अतिदूरचा स्फोट मात्र त्या हिशेबापेक्षा तेजस्वी निघाला. पार्श्वभूमी प्रारणातले बारीक चढउतारही महास्फोटाच्या चित्रातच सहज बसतात. मात्र एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. 1948च्या ज्या स्थिर स्थिती सिद्धान्तातून नारळीकर-हॉइल यांचं पुढचं काम उभं राहिलं, त्यात प्रसरणाचा वेग वाढतच जातो. तेव्हा प्रसरण मंदावत असणार अशीच बहुतेकांची धारणा होती.

इतक्या पर्यायांच्या मागे लोक लागतात कशासाठी? कारण खुद्द डार्क एनर्जीच मोठी अडचणीची आहे. पृथ्वीच्या आकाराएवढी पोकळी घेतली तर तिच्यात ती भरते सहा-सात मिलिग्रॅम, मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढी. पुंजभौतिकीने निर्वाताची ऊर्जा सरळ मोजायला घेतली, तर उत्तर याच्या एकावर 120 शून्यं इतक्या पट येतं.

न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले डेव्हिड विल्टशायर ‘विश्व सगळीकडे सारखं आहे’ या गृहीतकालाच हात घालतात. दीर्घिका जाळ्यासारख्या पसरल्या आहेत आणि जाळ्याच्या मध्ये कोट्यवधी प्रकाशवर्षं रुंदीच्या पोकळ्या आहेत. गुरुत्वाकर्षण जिथे जास्त तिथे घड्याळ हळू चालतं, हे आइन्स्टाइनने शिकवलं. विल्टशायर यांच्या हिशेबाने आपल्या आकाशगंगेतलं घड्याळ मोठ्या पोकळीतल्या घड्याळापेक्षा सुमारे 35 टक्के हळू चालतं. तिथे आपल्यापेक्षा अब्जावधी वर्षं जास्त उलटली आहेत. पोकळ्या फुगत जातात, विश्वातला त्यांचा वाटा वाढतो, आणि आपल्या हळू घड्याळाने मोजताना प्रसरणाचा वेग वाढल्याचा भास होतो. डिसेंबर 2024मध्ये त्यांच्या गटाने दीड हजाराहून अधिक सुपरनोव्हांशी हे ताडून पाहिलं आणि जुळणी चांगली असल्याचं मांडलं. घड्याळांतला फरक इतका मोठा होऊ शकत नाही, असं बहुतेक सापेक्षतातज्ज्ञांचं म्हणणं आहे. पण एकाच विश्वाची दोन ठिकाणी दोन वयं, या विचाराने मी तरी थक्क होतो.

गुरुत्वाकर्षणाचे नियमच लांब पल्ल्यावर बदलतात, असं मानणारा पंथही मोठा होता. 17 ऑगस्ट 2017 रोजी त्यातल्या बऱ्याच सिद्धान्तांवर एकदम फुली पडली. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरणं सुमारे 13 कोटी वर्षं प्रवास करून पृथ्वीवर पोचली, ती अवघ्या 1.7 सेकंदांच्या अंतराने. गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा मानणाऱ्या सूत्रांना जागाच उरली नाही.

आता डार्क एनर्जीचा पुरावा नुसत्या सुपरनोव्हांवर अवलंबून नाही, त्यामुळे पर्याय मांडणाऱ्याचं काम आणखी अवघड झालं आहे. आरंभीच्या तप्त विश्वातल्या ध्वनिलहरींचा ठसा दीर्घिकांच्या मांडणीत अजून शिल्लक आहे, सुमारे पन्नास कोटी प्रकाशवर्षांचा. अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवरचं ‘डेसी’ हे उपकरण एका वेळी पाच हजार प्रकाशतंतू पाच हजार लक्ष्यांवर रोखून तो ठसा मोजतं. मार्च 2025मध्ये जवळपास दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसारांचा हिशेब आला. इतर निरीक्षणांशी जोडल्यावर तो सुचवतो की डार्क एनर्जी स्थिर नसून काळाबरोबर क्षीण होत असावी. संख्याशास्त्राच्या भाषेत हा इशारा 2.8 ते 4.2 सिग्माचा आहे. शोध म्हणायला पाच लागतात.

त्याच वर्षी सोलच्या योन्सेई विद्यापीठातल्या यंग-वुक ली यांच्या गटाने साखळीच्या पहिल्याच कडीला हात घातला. त्यांच्या मते स्फोटांचं तेज सारखं नसतं : सगळ्या नेहमीच्या दुरुस्त्या करूनही तरुण ताऱ्यांपासून झालेले स्फोट थोडे अंधूकच राहतात. दूर पाहणं म्हणजे भूतकाळात पाहणं, आणि तिथले तारे तरुणच असणार. ही दुरुस्ती केली तर विश्वाचं प्रसरण आजच मंदावू लागलं आहे, असा निष्कर्ष निघतो. सुपरनोव्हा मोजणाऱ्या इतर गटांना हे मान्य नाही. वाद मिटवण्याचा उपाय साधा आहे : जवळ असोत वा दूर, फक्त तरुण ताऱ्यांच्या दीर्घिकांतले स्फोट निवडायचे आणि पुन्हा मोजायचे. त्यासाठी लागतील हजारो नवे स्फोट, आणि ते टिपायला चिलीतल्या सेरो पाचोन डोंगरावर व्हेरा रुबिन वेधशाळेचा 3200 मेगापिक्सेलचा कॅमेरा बसवला गेला आहे.