गुडूचीघन : मधुमेह आणि यकृत

प्रमेह आणि कामला या दोन्ही अधिकारांत गुडूची येते; म्हणून यकृतात मेद साचलेल्या मधुमेह्यास तिचा घन देण्याकडे आपला कल असतो. परंतु २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतविकृती प्रसिद्ध केली. टिनोस्पोरा क्रिस्पाशी गल्लत झाली असावी, अशी शंका आयुष मंत्रालयाने व्यक्त केली. क्रिस्पाच्या खोडावर दाट गाठी असतात व दुधी चीक येतो. गुळवेलीस हे नसते. बिद्रीसारख्या गावी ओले कांड पारखणे सोपे. घन कोण पारखणार? औषधालयांनी कांडच खरेदी करावे. तथापि त्या रुग्णांत स्वप्रतिकारक यकृतशोथासारखी लक्षणे होती, ती केवळ गल्लतीने उलगडत नाहीत. म्हणून स्वप्रतिकारक व्याधीचा इतिहास असल्यास आम्ही घन देत नाही. इतरांत प्रारंभी व महिन्याने एस.जी.पी.टी. आणि आधुनिक गोळ्या चालू असल्यास रक्तशर्कराही पाहतो.