रेकॉर्डचा आवाज बारीक येतोय की फाटतोय? आधी फोनो स्टेज तपासा

नागभीड असो वा नागपूर, माळ्यावरची जुनी रेकॉर्ड लावली की कधी आवाज बारीक येतो, कधी फाटतो. रेकॉर्डच खराब समजून ती भंगारात देण्याआधी फोनो स्टेजची सेटिंग पाहा.

हे काय असतं?
सुई ज्या कार्ट्रिजमध्ये बसते, तिथून निघणारा सिग्नल अगदी क्षीण असतो. शिवाय रेकॉर्ड बनवताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि बारीक, उंच आवाज उचललेला असतो. फोनो स्टेज सिग्नल वाढवतो आणि हा तोल परत जागेवर आणतो.

गेन
मूव्हिंग मॅग्नेट (एमएम) कार्ट्रिज साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देते. तिला ४० डेसिबल गेन पुरतो. मूव्हिंग कॉइल (एमसी) सहसा अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी देते. तिला ६० डेसिबल लागतो. एमएम कार्ट्रिज ‘एमसी’ सेटिंगवर चालवली तर आवाज फाटतो, उलट केलं तर बारीक येतो. बटण फिरवण्याआधी अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणा.

लोडिंग
एमएमला ४७ किलोओहम. एमसीला कॉइलच्या रोधाच्या किमान दहापट, म्हणजे १० ओहमच्या कॉइलला १०० ओहम. एमएममध्ये कपॅसिटन्सही जुळावा लागतो, त्यात वायरचाही धरा. तो फार वाढला तर आवाज कर्कश होतो.

७८ आरपीएमच्या रेकॉर्ड
आजचं ‘आरआयएए’ मानक १९५४ चं. बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या जुन्या तबकड्या त्याआधीच्या, म्हणून त्यांचा तोल वेगळा. त्यांना जाड टोकाची सुईही लागते. एलपीची सुई लावली तर खरखरच जास्त ऐकू येते.

कार्ट्रिजचे आकडे तिच्या माहितीपत्रकात असतात. आधी ते वाचा, मग बटणं फिरवा.