जेऊरचा सूर्य आणि कॅमेऱ्यामागची माणसं

घोडेगावहून नगरकडे निघालं की पांढरीपूल, मग इमामपूरचा घाट आणि पुढे जेऊर लागतं. ग्रहणाच्या इतिहासात ज्याचं नाव आहे ते जेऊर मात्र हे नव्हे. ते सोलापूर जिल्ह्यातलं, करमाळा तालुक्यातलं, रेल्वे स्टेशनचं जेऊर. शिंगणापूरला शनीच्या दर्शनाला जाणारी गर्दी रोज पाहणाऱ्या घोडेगावकरांना ग्रहगोलांचं कौतुक नवं नाही, पण हे दुसरं जेऊर फारसं कोणी सांगत नाही.

२२ जानेवारी १८९८. खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून वऱ्हाडाकडे गेली. वेध घ्यायला खगोलशास्त्रज्ञ तिच्या वाटेवर थांबले होते: विजयदुर्गाला नॉर्मन लॉकियर, पुलगावला न्यूऑल, वऱ्हाडातल्या तळणीला अ‍ॅनी माँडर आणि त्यांचे पती. अ‍ॅनीबाईंनी छोट्या भिंगाने टिपलेला सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचा झोत तोवरच्या फोटोंतला सर्वांत लांब ठरला. जेऊरला दोन तळ पडले होते. एक कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचा, विल्यम कॅम्पबेल यांचा. दुसरा पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचा, प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा. प्लेगने पुणं हवालदिल झालेलं, प्लेग-अधिकारी रँडच्या खुनाला जेमतेम सात महिने झालेले. अशा दिवसांत हे पारशी प्राध्यापक काचेच्या प्लेटा आणि लोलक घेऊन माळावर येऊन राहिले, हेच मला मोठं वाटतं.

कॅम्पबेल यांचा मुख्य कॅमेरा चाळीस फुटांचा. भिंग उंच मनोऱ्यावर पक्कं बसवलेलं, तिथून काळोखी नळी तिरकी खाली आलेली, आणि खालच्या टोकाला प्लेट. नळी हलत नसे. सूर्य सरके तशी घड्याळयंत्रावर प्लेटच सरके. प्लेटवर सूर्याचं बिंब चार इंचांहून मोठं उमटे. शिवाय बिंबाच्या कडेचा वर्णपट क्षणाक्षणाला कसा पालटतो हे धरण्यासाठी त्यांनी सतत सरकणाऱ्या प्लेटची युक्ती केली होती.

खग्रास अवस्था टिकली सुमारे दोन मिनिटं. तेवढ्यासाठी तालमी चालत. एकजण मोठ्याने सेकंद मोजणार. दुसरा प्लेटचं झाकण ओढणार, हात काढून घेणार आणि हादरा निवेपर्यंत थांबणार. मग भिंगावरचा पडदा दूर, ठरलेले सेकंद, पडदा पुन्हा पुढे, झाकण बंद, प्लेट बाहेर, नवी आत. चुकून प्लेट उलटी बसली किंवा झाकण अर्धवट राहिलं, तर ती संधी गेलीच. ज्याचे हात कामात, त्याला मान वर करून ग्रहण पाहायचीही सवड नसे.

सूर्याच्या त्या प्लेटांवरून लेख लिहिले गेले. नायगमवालांचा अहवाल १९०२ मध्ये छापून आला. लिकच्या संग्रहात जेऊरच्या तळाचेही फोटो आहेत, ती लांब नळीही त्यांत दिसते. मला या दुसऱ्या प्रकारच्या फोटोंचं मोल अधिक वाटतं. प्रभामंडलाचे फोटो पुढे कितीतरी चांगले निघाले. मनोरा कसा बांधला आणि नळी कशी टेकवली हे पुन्हा टिपता येणार नाही.

असा पुरावा लोकांसमोर नसला की काय होतं, ते विजयदुर्गावर पाहा. तिथल्या ‘साहेबाच्या कट्ट्यावरून’ लॉकियरने १८६८ साली हेलियम शोधला असं सर्रास सांगितलं जातं. त्या वर्षी लॉकियर भारतात आलेच नव्हते. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी इंग्लंडमध्ये बसून तपासली. विजयदुर्गावर ते आले १८९८ मध्ये, हाताशी ‘मेलपोमीन’ जहाजाचे खलाशी घेऊन. कट्ट्याशेजारी त्या खलाशांचा तारखेसह एक फोटो लागला असता, तर तीस वर्षांची ही गफलत टिकली नसती.

आपल्याकडे शास्त्रज्ञाचा फोटो निघतो तो शाल-श्रीफळ घेताना. राहुरीचं कृषी विद्यापीठ घोडेगावपासून फार दूर नाही. तिथे कांद्याच्या फुलावर परागीकरणाची पिशवी चढवणारा हात, पाटीवर वाणाचा क्रमांक लिहिणारा मजूर यांचे फोटो वर्तमानपत्रात क्वचितच येतात. मेळाव्याच्या व्यासपीठाचे मात्र हमखास येतात. निवांत उभं राहून कामात खोळंबा न करता फोटो काढायला वेळ लागतो, आणि तो द्यायला कोणी तयार नसतं.

२ ऑगस्ट २०२७ ला संध्याकाळकडे महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसेल, पावसाळी ढगांनी दिसू दिलं तर. शाळा गच्चीवर ग्रहण-चष्मे वाटतील, पुठ्ठ्याला भोक पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाडतील. सूर्याचे फोटो जगभरातून हजारोंनी येणारच आहेत. आपण मोबाइल पुठ्ठा धरणाऱ्या पोरांकडे आणि त्यांच्या बाईंकडे वळवा; फोटोखाली गाव, तारीख आणि काय चाललं होतं ते लिहा, आणि एक प्रत शाळेच्या दप्तरी ठेवा.