होल्डवरची रेकॉर्ड बिघडते तेव्हा

पतसंस्था, दवाखाना, शाळा, दूध डेअरी इथल्या फोनशेजारी बहुधा आपल्यातलीच कोणी बसलेली असते. ‘कृपया थांबा’ ही रेकॉर्ड नीट वाजत नसेल तर बोलणी तिलाच बसतात. म्हणून आज तिच्यासाठी बोलतोय.

आधी एक गंमत. फोनवर थांबलेल्या माणसाला गाणं ऐकवायची कल्पना अमेरिकेतल्या आल्फ्रेड लेव्ही नावाच्या कारखानदाराची. त्याच्या कारखान्यात फोनची एक सुटी तार लोखंडी तुळईला लागली आणि शेजारचा रेडिओ फोनवर ऐकू येऊ लागला, असं सांगतात. १९६६ मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं.

आता बिघाड. पहिला म्हणजे शांतता. समोरच्याला काहीच ऐकू आलं नाही की त्याला फोन कट झाला असं वाटतं, आणि तो ठेवून देतो. स्वतःच्या मोबाईलवरून ऑफिसला फोन लावा आणि कोणाला तरी होल्डचं बटण दाबायला सांगा. रिसीव्हर टेबलावर ठेवणं म्हणजे होल्ड नव्हे. त्यात तुमच्या डब्यातल्या भाजीची चर्चाही पलीकडे जाते! जुन्या मशीनला वाजवणारा डबा वायरीने जोडलेला असतो. वीज जाऊन आली की तो पुष्कळदा आपोआप सुरू होत नाही, तेव्हा आधी तोच बघा. नव्या मशीनमध्ये आवाजाची फाइल भरतात. मोबाईलवर रेकॉर्ड केलेली फाइल जशीच्या तशी बहुतेक मशीन घेत नाहीत. मेकॅनिकला सांगा, ‘वेव्ह फाइल, मोनो, आठ किलोहर्ट्झ, सोळा बिट करून द्या.’ एवढं कागदावर लिहून ठेवलं तरी पुरे.

दुसरा, आवाज फाटणं. साध्या फोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. बोलणं त्यात बसतं. तबल्याचा घुमारा आणि झांजेची किणकिण बसत नाही. मोबाईलची यंत्रणा तर माणसाच्या बोलण्यासाठीच बेतलेली, कधी कधी ती संगीताला गोंगाट समजून कापते. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: गाणं नकोच. शिवाय सिनेमाचं गाणं असं वाजवायला परवानगी लागते. साधं बोलणं ठेवा, तेही बेताच्या आवाजात.

तिसऱ्याकडे फार जणींचं लक्ष जात नाही. बऱ्याच मशीनमध्ये रेकॉर्ड सतत फिरत असते आणि फोन करणारी मधूनच तिच्यात शिरते. दीड मिनिटाचं निवेदन असेल आणि कामाचा नंबर सुरुवातीला असेल, तर तो ऐकायला तिला ती फेरी संपेपर्यंत थांबावं लागतं. पश्चिम पट्ट्यात रेंजसाठी टेकाडावर येऊन उभ्या असलेल्या बाईला हे परवडत नाही. निवेदन वीस सेकंदांत संपवा.

त्यात काय असावं? जुन्नर-आंबेगावात तिन्हीसांजेला येणारा फोन बिबट्याचाही असू शकतो. ग्रामपंचायत असो की शाळा, ‘बिबट्या दिसला असेल तर थांबू नका, वनविभागाला १९२६ वर फोन करा, जिवाला धोका असेल तर ११२’ हे वाक्य रेकॉर्डमध्ये हवंच. आमच्या ओळखीच्या एका ऑफिसात होळी आली तरी दिवाळीच्या सुट्टीची सूचना वाजत होती. ती ऐकून लोक हेलपाटा नको म्हणून येईनात. सुट्टीची रेकॉर्ड लावताना ती काढायची तारीख कॅलेंडरवर तेव्हाच लिहा.

भाषा घरातली ठेवा. ‘आपण प्रतीक्षेत आहात’पेक्षा ‘जरा थांबा, दुसऱ्या फोनवर बोलतोय’ हे आजीलाही कळतं. ‘दोन मिनिटांत’ म्हणू नका, खरंच दोन मिनिटं लागणार नसतील तर. वेळ लागणार असेल तर नंबर लिहून घ्या आणि तुम्हीच परत फोन करा.

फोन करणाऱ्या मैत्रिणींनो, होल्डला कंटाळून बँकेचा ‘दुसरा नंबर’ इंटरनेटवर शोधू नका. तिथे भामट्यांनी आपले नंबर टाकलेले असतात. पासबुकावरचाच नंबर लावा. पैसे गेलेच, तर लगेच १९३०.