चांद्याच्या परकोटाआत

उटनूरहून केरामेरीचा घाट उतरून आसिफाबाद, राजुरा, बल्लारपूर या वाटेने चंद्रपुरास जाताना राज्याची सीमा केव्हा ओलांडली, हे रस्त्यावरील पाट्यांवरूनच काय ते कळते. १९५६ पर्यंत राजुरा आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. गोंड राजांची गादीही याच प्रदेशातून सरकत गेली, असे परंपरा सांगते: प्रथम सिरपूर, मग बल्लारपूर आणि शेवटी चांदा. १९६४ साली चांद्याचे चंद्रपूर झाले. आमच्याकडील वृद्ध मंडळी मात्र अजून ‘चांद्याला जाऊन आलो’ असेच म्हणतात.

जातात ती बहुधा चैत्रातील महाकालीच्या यात्रेस. झरपटीत स्नान, देवीचे दर्शन, की लागलीच परतीची गाडी! आम्ही या खेपेस केवळ राजधानी पाहण्यासाठी दोन दिवस काढले.

जटपुरा दरवाजावरील हत्ती-सिंहाचे राजचिन्ह पाहण्यास मान वर करावी, तोच मागून वाहनांचे भोंगे सुरू होतात. नगराला असे चार दरवाजे: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा. शिवाय पाच खिडक्या. त्यांत एक चोरखिडकी आणि एक मसणखिडकी. मरणाची वाटही कोटातच योजून ठेवणाऱ्या त्या कारागिरांचे आम्हांस कौतुक वाटले. खांडक्या बल्लाळशहाने येथे एका सशास कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिले आणि ससा ज्या मार्गाने धावला त्याच मार्गाने तटाची आखणी झाली, अशी आख्यायिका आहे. तट पुरा होण्यास मात्र पिढ्या लागल्या. अलीकडे, २०१७ पासून, गावातील तरुणांनी त्यावरील झाडोरा काढून त्याची सफाई आरंभिली.

अंचलेश्वराच्या देवळाशेजारी बीरशहाची समाधी आहे. ती राणी हिराईने बांधविली. महाकालीचे मंदिरही तिचेच. राजांनी राण्यांसाठी उभारलेल्या वास्तूंची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. येथे राणीने पतीसाठी दगड घडविला, आणि अल्पवयीन रामशहाच्या नावाने राज्यही चालविले. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी ही गादी संपविली.

चांद्याच्या राजांचे कूळ आत्राम. आमच्या हजेरीपटावर हे आडनाव दरवर्षी असते. त्या मुलांस आम्ही सहलीत गोवळकोंडा दाखवितो. सुमारे निम्म्या अंतरावरील ही त्यांची राजधानी त्यांनी पाहिलेली नाही. तिकडे सहल न्यावी म्हणून आम्ही अर्ज केला, तर ‘परराज्यात कशासाठी?’ असा शेरा आला. उत्तर पाठविले आहे.

लालपेठेत रायप्पा कोमट्याने घडविलेल्या प्रचंड मूर्ती उघड्यावर पडून आहेत. मंदिर उभारण्यापूर्वीच तो वारला म्हणतात. त्यांत दशमुखी दुर्गा सर्वांत मोठी. तेथे सकाळीच जावे. चांद्याचे ऊन चढल्यावर त्या उघड्या दगडांजवळ उभे राहवत नाही.