हॅझर्ड वेगळा, रिस्क वेगळी

रोजच्या इंग्रजीत ‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’ एकमेकांच्या जागी सर्रास येतात आणि तिथे त्याने काही बिघडत नाही. आरोग्याच्या बातमीत मात्र फार बिघडते. हॅझर्ड म्हणजे अपाय करण्याची अंगभूत क्षमता. रिस्क म्हणजे ठरावीक संपर्कात तो अपाय प्रत्यक्ष घडण्याची शक्यता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्याच गटात ठेवले. पण म्हणून सॉसेज सिगारेटइतके घातक ठरत नाही. तो गट पुरावा किती भक्कम आहे हे सांगतो, अपाय किती मोठा आहे हे नव्हे. संघटनेनेच तेव्हा उद्धृत केलेल्या अंदाजानुसार जगभरात कर्करोगाने वर्षाला होणारे मृत्यू तंबाखूमुळे सुमारे १० लाख, तर अशा मांसाच्या अतिसेवनामुळे सुमारे ३४ हजार.

मग प्रमाण न सांगणारी यादी हवीच कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण क्षमता ओळखल्याशिवाय शक्यता मोजायला कुणी बसणारच नाही. २०२३ मध्ये याच संस्थेने ॲस्पार्टेम ‘कदाचित कर्करोगकारक’ ठरवले. त्याच वेळी अन्नमिश्रकांच्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅमची मर्यादा कायम ठेवली. त्यात विसंगती नव्हती: पहिलीने हॅझर्ड तपासला होता, दुसरीने रिस्क.